एकशे बारा नंबरचा प्रवासी

मला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही. ही माझी जन्माची खोड आहे. कोणी रस्ता विचारला आणि मला तो ठाऊक नसला, तरी माझा हात आपोआप वर होतो आणि एक दिशा दाखवून मोकळा होतो. आमचे हे म्हणतात, तुझ्या कृपेने गावाबाहेर हरवलेल्या माणसांची एक वेगळी वस्ती झाली असेल. म्हणोत बापडे. पण याच खोडीपायी एका म्हातारीची शेवटची जागा जायची वेळ आली होती. ती हकीकत मी आज जशी घडली तशी सांगणार आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी खरं बोलले की लोकांना पटत नाही, याचा अनुभव मला याच भानगडीत आला.

मी आमच्या गावच्या ज्यू दफनभूमीची चावीवाली. आम्ही स्वतः ज्यू नाही. पण माझ्या आजोबांनी ही चावी घेतली, त्यांच्याकडून वडिलांकडे आली आणि वडिलांकडून माझ्याकडे. चावी वीतभर लांब आहे आणि कुलूप महाहट्टी. आधी चावी उलटी अर्धी फिरवायची, मग फाटकाला गुडघ्याने रेटा द्यायचा, मग सुलटी फिरवायची. हे गावात फक्त मला जमतं, म्हणून नोकरी पक्की. लाकडाच्या वखारीमागे चार भिंती, आत एकशे सव्वीस कबरी, मधोमध एक डेरेदार झाड, फाटकाशी आमच्या दोन खोल्या, आणि बाहेर पडताना हात धुवायला एक नळ. गवत कापायचं, कललेले दगड सरळ करायचे आणि पाहुणे आले की त्यांना हिंडवायचं, एवढं माझं काम.

पाहुण्यांना मी सांगते तो इतिहास खरा आहे. वडिलांनी माझ्याकडून पाठ करून घेतलाय. दीडशे वर्षांपूर्वी तीन भाऊ शिंपल्याची बटणं पाडायचं यंत्र घेऊन या गावात आले. यंत्र सारखं बंद पडायला लागलं म्हणून एक कारागीर मेहुणा आला. मेहुण्यामागून त्याची बायको आली, बायकोमागून तिची आई आली, आणि सासूबाई आल्यावर औषधाचं दुकान निघालंच. बघता बघता साठ घरं झाली. प्रार्थनाघर झालं, छापखाना झाला, दोन शिंपी झाले आणि ते दोघे जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत. मग प्लॅस्टिकची बटणं आली. कारखाना बसला. मुलं मोठ्या शहरात गेली, तिथून आणखी लांब गेली. त्यांना कोणी हाकललं नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी थांबवलंही नाही. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सातच उरले, तेव्हा प्रार्थनाघराला कुलूप लागलं. आता तिथे सायकली मिळतात.

शेवटी उरल्या एकट्या घड्याळवाल्या काकू. मूल नाही, बाळ नाही. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, ते गेल्यावर काकू करायला लागल्या. दुकान म्हणजे एक खाट मावेल एवढं, आणि त्यात वीस घड्याळांची टिकटिक. सत्त्याऐंशीव्या वर्षीही डोळ्याला भिंग लावून सुईएवढा स्क्रू पहिल्या झटक्यात बसवायच्या. दर गुरुवारी दुपारी दफनभूमीत यायच्या. येताना कोटाच्या खिशात दोन खडे आणायच्या, कारण या लोकांत कबरीवर फुलं ठेवत नाहीत, खडा ठेवतात. पण आल्या आल्या ठेवायच्या नाहीत. झाडाखाली बसून राहायच्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि बरोब्बर चार वाजून दहा मिनिटांनी उठून खडे ठेवायच्या. एक यजमानांच्या कबरीवर, एक शेजारच्या. मी म्हणायचे, घड्याळजीची बायको ती, मिनिटाचा हिशेब करणारच. जाताना नळावर हात धुवायच्या, माझ्या खोलीत डोकावायच्या आणि भिंतीकडे बघून म्हणायच्या, "तुझं घड्याळ अजून तीन मिनिटं मागे आहे गं."

"असू दे की काकू. इथल्या लोकांना कुठे गाडी पकडायचीय?"

"त्यांना नाही. तुला."

आता त्या शेजारच्या कबरीचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं.

या दफनभूमीचा एक कडक नियम आहे. जागा आधी राखून ठेवता येत नाही. रांगेने यायचं. जो आधी जाईल तो आधी, त्याच्या शेजारी त्याच्या मागून जाणारा. श्रीमंत-गरीब, नवरा-बायको, कोणाचा मुलाहिजा नाही. म्हणून तर ते न बोलणारे दोन शिंपी इथे खांद्याला खांदा लावून पडलेत. काकूंचे यजमान एकशे अकरा नंबरला, झाडाच्या सावलीत. एकशे तेराला बटणवाल्या बाई, म्हणजे कारखानदाराची विधवा. मधे एकशे बारा. तिच्यावर नुसती दगडांची चौकट, नाव नाही, तारीख नाही.

एकशे बारा भरली त्या महिन्यात आम्ही गावातच नव्हतो. वडिलांचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि मी त्यांना घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात होते. चावी होती ज्यू समाजाच्या समितीच्या सेक्रेटरीकडे, म्हणजे छापखानेवाल्याकडे. आम्ही परत आलो तेव्हा तो वडिलांना म्हणाला, "एकशे बारा भरली. नकाशावर फुली मारा." वडील शब्द विकत घ्यावा लागतो तसे मोजून बोलणारे. त्यांनी फुली मारली आणि विषय संपला. वर्षभरात सेक्रेटरी मुलाकडे परदेशी गेला, पुढे वडीलही गेले.

आणि मग एक दिवस कॅमेरा गळ्यात घातलेलं एक जोडपं आलं. सगळं बघून झाल्यावर बाईने बोट दाखवलं. "ही कोणाची?"

दोन शब्द म्हटले असते तर संपलं असतं. पण नाही. मी मनात म्हटलं, गावातलं कोणी गेलं असतं तर आम्हाला कळलं असतं, तेव्हा हा बाहेरचाच असणार. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "हा एक प्रवासी," मी म्हटलं. "शेवटच्या बसने आला. अंगात ताप होता. नाव सांगायच्या आधीच गेला."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने खडा ठेवला. झालं, मला चटक लागली.

पुढच्या पंचवीस वर्षांत मेलेल्या माणसाची होणार नाही एवढी त्या प्रवाशाची भरभराट झाली. आधी त्याला व्हायोलिन मिळालं. मग लांबच्या गावी वाट बघणारी एक मुलगी मिळाली. एकदा मी झाडाखाली पाहुण्यांना हे सगळं रंगवून सांगत होते, तर बाकावर बसलेल्या काकू मधेच म्हणाल्या, "आणि त्याच्याजवळ एक बंद पडलेलं घड्याळ होतं. ते सांग की."

मला काय, आंधळा मागतो एक डोळा. घड्याळही गोष्टीत गेलं. काकू त्या काळी इथे होत्या, त्यांना ठाऊक असणार. हळूहळू मला असं वाटायला लागलं की मी सांगतेय ते सगळंच खरं आहे. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात ना, त्यातला धोका हा, की रेटणाऱ्यालाच ते आधी पटतं.

नगरपालिकेने पत्रक छापलं, त्यात प्रवासी. कबरीपाशी पितळी पाटी लावली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याच्यावर नाटुकलं झालं, त्यात प्रवाशाचं काम करणाऱ्या मुलाला मरायला अकरा मिनिटं लागली. आणि मला, गावाचा इतिहास जपल्याबद्दल, मानपत्र मिळालं. काचेच्या चौकटीत घालून मी ते तीन मिनिटं मागे असलेल्या घड्याळाखाली लावलंय.

अशात आले नकाशेवाले साहेब. पुरातन वास्तू खात्यातला तरुण अधिकारी. हातात टेप, काखेत फायली, कानात सतत फोनचं यंत्र. तीन दिवस मोजमाप केलं, माझा चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, अभिनंदन. आपली दफनभूमी संरक्षित होणार. मात्र एक आहे. नकाशाप्रमाणे सगळ्या जागा भरल्यात. एकशे सव्वीसपैकी एकशे सव्वीस. त्यामुळे यापुढे नवीन दफन नाही. पुढच्या महिन्यात नगरपालिकेचा ठराव झाला की कायमची बंद."

मला आनंदच झाला. संरक्षित म्हटल्यावर भिंतीला नवा रंग येणार होता. काकूंचा विचार माझ्या मनात आला नाही, हे मी आज कबूल करते.

गुरुवारी काकू आल्या. खडे ठेवले, हात धुतले, पण आज घड्याळाकडे न बघता माझ्या खुर्चीवर बसल्या.

"मला शहरातल्या दफनभूमीत जागा देणार म्हणे. तीन तास लांब. भिंतीशी, पाण्याच्या टाकीला लागून."

"मग आता काय करायचं काकू? इथे जागाच नाही."

"एकशे बारा माझी आहे."

"तिथे प्रवासी आहे," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खुर्ची हलायला लागली. मी पाणी आणलं.

"अगं बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुला खरंच वाटतं होय? तिथे पुस्तकं आहेत."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खालीच बसले. या लोकांत देवाधर्माची पुस्तकं फाटली, जुनी झाली तर टाकत नाहीत, जाळतही नाहीत. माणसासारखी पुरतात. हे मला ठाऊक होतं. मागच्या भिंतीशी पुस्तकांचा कोपराच आहे. म्हणून तर रांगेतल्या जागेत पुस्तकं असतील असं कोणाच्या स्वप्नात आलं नसतं.

"प्रार्थनाघर बंद झालं तेव्हा ट्रंकभर फाटकी पुस्तकं निघाली," काकू म्हणाल्या. "हे जाऊन चार महिने झाले होते. आणि बटणवाली आजारी पडली. डॉक्टरने आठवडा दिला होता. म्हणजे रांगेने यांच्या शेजारी कोण? ती."

"मग?"

"मग काय मग. त्या बाईचं घड्याळ महिन्यातून दोनदा बंद पडायचं. हे उघडून बघायचे, तर आत काहीच बिघडलेलं नसायचं. चावीच दिलेली नसायची. सतरा वर्षं, पोरी. सतरा वर्षं मी पडद्याआडून तिचं 'अय्या, चालू झालं' ऐकलं. ते मी आणखी कुठपर्यंत ऐकायचं? मी सेक्रेटरीला म्हटलं, कोपऱ्यात पाणी झिरपतंय, पुस्तकं रांगेत घ्या. पुस्तकांना नाही कोण म्हणणार? बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी ट्रंक टाकली आणि जागा धरली. पाच दिवसांनी ती गेली. बसली एकशे तेराला."

"आणि तुमच्या वेळेला?"

"पुस्तकांशेजारी माणूस ठेवायला आमच्यात हरकत नाही. उलट मान समजतात. ट्रंक पायाशी सरकवली की मी मावते."

"मग माझी गोष्ट इतकी वर्षं गुमान ऐकत कशाला बसलात?"

"तुझ्या प्रवाशाने माझी जागा राखली. नुसत्या मातीवर कोणीतरी शंका घेतली असती. पाटी लागल्यावर कोण घेणार?" त्या उठल्या. "तुझे उपकारच आहेत. आता ते मागे घे. सभेत सांग की तिथे कोणी नाही."

त्या गेल्यावर मी मानपत्राकडे बघत बसले. खरं सांगायचं तर दगडाखाली हात सापडला होता. सभेत उभं राहून म्हणायचं काय? की मी पंचवीस वर्षं थापा मारल्या? त्या कॅमेरावाल्या बाईचं रडणं, पितळी पाटी, ते अकरा मिनिटांचं मरण, सगळं माझ्या थापेवर उभं होतं. मी स्वतःची समजूत घालायला लागले. काकूंचं वय झालंय. शहरातली जागा काही वाईट नाही. टाकीमुळे गारवाही असेल. दोन गुरुवार त्या आल्या तेव्हा मी वखारीत सरपण आणायला गेले. घरात सरपण छतापर्यंत लागलं.

तिसऱ्या गुरुवारी चार वाजून गेले तरी काकू आल्या नाहीत. मी फाटकाशी तीन वेळा जाऊन आले. मग चावी कमरेला खोचली आणि त्यांच्या दुकानी गेले. काकू मागच्या खोलीत पडून होत्या. पाय मुरगळला होता, सूज गुडघ्यापर्यंत. टेबलावर दोन खडे काढून ठेवलेले होते.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "हे दोन नेऊन ठेव. आज राहिलेत." मग म्हणाल्या, "मला लांब जायची भीती नाही गं. पण गुरुवारी तिथे मला कोण येणार? आणि इथे यांना कोण येणार?"

त्यांच्या आवाजात रडं नव्हतं. माझ्या होतं. मी खडे नेऊन ठेवले आणि मला स्वतःची एवढी लाज वाटली की रात्री जेवायला वाढताना आमचे हे काय बोलत होते ते मला कळलंच नाही.

सभेच्या दिवशी मी धुवट साडी नेसले आणि मानपत्र चौकटीसकट काखेत मारून गेले. काकूंना त्यांच्या खुर्चीसकट दोघांनी उचलून आणलं होतं. नगराध्यक्षांनी ठराव वाचला. कोणाला काही बोलायचंय का, असं विचारलं. मी उभी राहिले.

"एकशे बारा नंबरला प्रवासी नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हता. बस नाही, ताप नाही, व्हायोलिन नाही. मला कोणीतरी विचारलं आणि मी थाप मारली. पंचवीस वर्षं मारत राहिले. तिथे पुस्तकांची ट्रंक आहे आणि ती जागा काकूंची आहे. हे तुमचं मानपत्र."

मी चौकट टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता जोडे पडणार. आणि मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

नगराध्यक्ष गहिवरले होते. "पाहिलंत," ते म्हणाले, "एका म्हाताऱ्या बाईसाठी ही माऊली स्वतःची अब्रू द्यायला निघाली. हे खोटं फार मोठ्या मनाचं आहे. पण बाई, आमचा प्रवासी आम्ही असा पुसू देणार नाही." आणि मानपत्र मला परत दिलं.

आली का पंचाईत. मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "ती खरं बोलतेय. पुस्तकं मीच पुरली." तर शेजारची बाई त्यांच्या हातावर थोपटत म्हणाली, "हो हो, काकू. दमू नका."

मी नकाशेवाल्या साहेबांकडे वळले. "उघडून बघा ना मग."

"कबर उघडायला बंदी आहे, मावशी."

"ती कबर नाही म्हणून तर उघडा म्हणतेय."

"कबर नाही हे उघडल्याशिवाय सिद्ध होत नाही. आणि सिद्ध झाल्याशिवाय उघडता येत नाही." त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. बिचारा चेहऱ्यावरून तरी मनापासून शोधत होता. "भरलेल्या कबरीत दुसऱ्या व्यक्तीचं दफन फक्त एकाच बाबतीत करता येतं. आधीची व्यक्ती जवळची नातलग असेल आणि वर नावाचा दगड बसवलेला नसेल तर, म्हणजे यजमानांची कबर आजींना चालणार नाही. बिननावाच्या कबरीला मात्र हरकत नाही."

तो हे वाक्य बोलला आणि पुस्तक मिटायच्या आत माझ्या जिभेने उडी मारली. पंचवीस वर्षांची तालीम होती तिला.

"मग आता लपवून काय उपयोग," मी मोठा उसासा टाकून म्हटलं. "काकू, माफ करा. मी शब्द दिला होता, पण आता सांगते. प्रवासी तुमच्या यजमानांचा चुलतभाऊ होता."

सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या.

"लहानपणी दोघांचं भांडण झालं होतं," मी सांगत गेले. "एका व्हायोलिनवरून. तीस वर्षं बोलले नाहीत. काकूंचे यजमान वारले कळल्यावर तो निघाला, पण पोचायला चार महिने उशीर झाला. बसमधून उतरला तेव्हाच ताप होता. दार काकूंनी उघडलं. तो एवढंच म्हणाला, मला त्याच्या शेजारी ठेवा. घरातलं भांडण चव्हाट्यावर नको म्हणून काकूंनी नाव लावलं नाही. मघाशी मी पुस्तकं म्हटलं तेही त्यासाठीच."

छापखान्याच्या जागी आता ज्याचं केशकर्तनालय आहे, तो ढसाढसा रडत होता. साहेबांनी चष्मा पुसला आणि काकूंना विचारलं, "हे खरं आहे का, आजी?"

काकूंनी जन्मात कधी घड्याळाची खोटी वेळ सांगितली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे," त्या म्हणाल्या. "बाकी मला काही बोलायचं नाही."

"आजींना त्रास होतोय," नगराध्यक्ष म्हणाले. एकमताने मंजूर झालं. दफनभूमी बंद, एकशे बारामध्ये कुटुंबातल्या एकाच दफनाची सवलत, दिवंगताशी नातं: चुलत वहिनी.

परत जाताना काकू खुर्चीतून म्हणाल्या, "चुलतभाऊ कशाला म्हटलंस? सख्खा म्हणायचा. चुलतभावांशी यांचं पटायचंच."

"आता बदलता येणार नाही काकू. इतिवृत्तात गेलंय."

त्यानंतर काकू सव्वादोन वर्षं जगल्या. जागा पक्की झाल्यावर घाई कसली. गुरुवारी काठी टेकत यायच्या, चार वाजून दहा मिनिटांनी खडे ठेवायच्या आणि पाहुण्यांना मी चुलतभावाची गोष्ट सांगत असले की एकशे तेराकडे बघत गालातल्या गालात हसायच्या. गेल्या त्यासुद्धा दुकानातच, डोळ्याला भिंग लावलेलं असताना. समोर कोणाचंतरी घड्याळ उघडं होतं. ते त्यांनी चालू करून ठेवलं होतं.

शहरातून माणसं आली. दहा हवी होती, तेरा आली. इथून गेलेल्यांची नातवंडं, पतवंडं. कबर उघडायची म्हणून नियमाप्रमाणे नकाशेवाले साहेब हजर होते, आणि मी सकाळपासून त्यांना तीनदा चहा पाजला होता. आमचे हे फावड्याने माती काढत होते. कमरेइतकं खणल्यावर खण्ण असा आवाज झाला.

ट्रंक गंजलेली होती. फावडं लागलं तसं झाकण खचलं. आत पुस्तकं. फुगलेली, एकमेकांना चिकटलेली, कडा काळ्या पडलेल्या. साहेब खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बराच वेळ बघत राहिला. मी शेजारी उभी.

साहेब उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमचा प्रवासी बराच वाचणारा होता, मावशी."

त्याने फाइल उघडली, 'पाहणी केली, सर्व नियमानुसार' असं लिहिलं आणि सही केली. त्या क्षणी मला तो पोटच्या पोरासारखा वाटला.

ट्रंक पायाकडे सरकवायला आमचे हे वाकले, तेव्हा खचलेल्या झाकणाखालून एक पुडकं घरंगळलं. पुरुषी रुमाल, चार घड्या घातलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. आत एक घड्याळ होतं. मनगटी, पट्टा कुजलेला, काच मात्र धड. मागच्या बाजूला काकूंच्या यजमानांच्या नावाची अक्षरं. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले.

काकू बाकावरून म्हणाल्या होत्या, त्याच्याजवळ एक बंद पडलेलं घड्याळ होतं, ते सांग की. मी ते सगळ्या गावाला सांगितलं होतं. व्हायोलिन, ताप, वाट बघणारी मुलगी, सगळं माझं होतं आणि सगळं खोटं होतं. एवढं एकच खरं होतं, आणि ते काकूंनी घातलेलं होतं. यजमान गेले ती वेळ काकूंनी घड्याळात थांबवली आणि ते रुमालात गुंडाळून, बसच्या सीटवर टाकतात तसं, शेजारच्या जागेवर टाकून आल्या. मग पस्तीस वर्षं दर गुरुवारी त्याच मिनिटाला येऊन जागा आहे ना बघून गेल्या. मी समजत होते की त्यांना मिनिटांचा चाळा आहे.

मी तिथेच उभी राहून रडले. कोणाला समजावून सांगायच्या फंदात पडले नाही. घड्याळ परत रुमालात बांधलं आणि काकूंना खाली ठेवल्यावर त्यांच्या हाताशी ठेवायला सांगितलं. शहरातल्या एका म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. त्यांच्यात असं काही सोबत ठेवत नाहीत म्हणे.

"ते तिथलंच आहे," साहेब म्हणाला. "जागेवरून काही हलवायला मनाई आहे."

आता दफनभूमी बंद झालीय. भिंतीला नवा रंग लागला, फाटकाला नवं कुलूप येणार होतं ते मी येऊ दिलं नाही. पाहुणे येतात, पितळी पाटी वाचतात आणि विचारतात, तो प्रवासी शेवटी होता कोण, त्याचं नाव काय. परवा एका बाईने असंच विचारलं. गुरुवार होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चार वाजून सात मिनिटं झाली होती. ते अजून तीन मिनिटं मागे आहे. काकूंच्या हातून राहिलं ते दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावंसं मला वाटत नाही.

"मला माहीत नाही," मी तिला म्हटलं, आणि दोन खडे घेऊन निघाले, कारण उशीर झाला असता.